द्राक्षाचं बी आणि एक किलो मीठ

अठरा मार्च, मंगळवार. ठरलेली रक्कम अठरा हजार, तीन घाण्यांची. हजर: मी, बायको आणि सातपूरच्या गाळ्यातला यंत्राचा मालक.

धंदा बायकोचा. वाइनसाठी द्राक्षं पिळल्यावर उरलेल्या चोथ्यातलं बी ती गोळा करते. गोळ्या बनवणारा एक कारखानदार त्या बियांचा अर्क घेणार होता, पण एकसारखे दोन नमुने मिळाले तरच. हंगाम संपत आला होता. आता हुकलं की वर्ष गेलं.

मालकाने आधी नीट समजावलं होतं. बी पाण्यात घालून दोन पत्र्यांमध्ये ठेवायचं, विजेचे अगदी क्षणभराचे जबर झटके द्यायचे. त्याने बियांतल्या पेशींना बारीक भोकं पडतात. मग स्पिरिट-पाण्यात अर्क लवकर उतरतो, फार तापवावं लागत नाही. मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

बायकोचं माहेर पेठकडचं, भाताचं. तिकडे पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात; पोकळ दाणा वर तरंगतो, तो काढून टाकतात. तिने तेच केलं. गाळ्यातल्याच टबात, मालकासमोर, एक किलोची पिशवी फोडून. तो चहा पीत बघत होता.

निथळलेलं बी यंत्रात गेलं. फाट्‌कन आवाज झाला, जळका वास आला, यंत्र बंद.

"वहिनी, बी पेरायचं होतं का?" तो हसला. "खारट पाण्यातून वीज सुसाट पळते. पार्ट गेला. चार हजार. आणि या घाण्याचे सहा वेगळे."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही मीठ बघितलंत ना?"

"मला वाटलं, तुमची काही पद्धत असेल."

"आणि पाणी तपासायचं मीटर?"

मीटर भिंतीवर होतं. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

पार्ट यायला दोन दिवस गेले. गुरुवारी दुसऱ्या घाण्याचं बी साध्या पाण्यात धुतलं, मी स्वतः ते प्लॅस्टिक फाडून पाणी तपासायला लावलं. थोडं बी झटक्याशिवाय ठेवायला सांगितलं. स्पिरिट तेवढंच, वेळ तेवढाच. झटक्याचा अर्क गडद तांबडा उतरला, दुसरा पाणचट चहासारखा. म्हणजे जमत होतं! म्हणूनच जास्त चीड आली. तिसऱ्या घाण्याची पोती उघडली तर आंबूस वास. ओल्या बियांना बुरशी आली होती. नवा चोथा कुठेच शिल्लक नव्हता. कारखानदार फोनवर म्हणाला, "एकाच नमुन्यावर नाही हो जमणार."

मी पार्टचा एक रुपयाही देणार नव्हतो. तसं मालकाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मीठ काय मी घातलं?" मी पुढे काही बोलणार, तोच बायको मध्ये पडली.

"दादा, मीठ माझं, मीटर तुमचं. निम्मं निम्मं. आणि जळलेल्या घाण्याचे पैसे मागू नका."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दोन हजार फुकट घालवलेस."

"पुढच्या वर्षी यंत्र त्याचंच लागणार आहे," ती म्हणाली. "दुसरं आहे का नाशकात?"

नव्हतं. मला त्याचाही राग आला.

शेवटी दिले: यंत्रवाल्याला आठ हजार; सहा चाललेल्या घाण्याचे, दोन पार्टचे. टेंपोवाल्याला सातशे, आंबलेलं बी नेऊन टाकायचे.