चिनी मोटर आणि आमची संत्री

आम्ही कोलकात्याहून थेट विमानाने ग्वांगझूला निघालो. चीनच्या सीमेवरच्या तणावामुळे बंद राहिलेली ही विमानं नुकतीच सुरू झाली होती. घरचे काळजीत होते. माझ्या काकांचा नागपुरात, कळमन्याच्या बाजारात, संत्र्याचा व्यापार. त्यांना फळं आकाराप्रमाणे वेगळी करणारं यंत्र हवं होतं. बोलायला सोबत म्हणून मी, त्यांची पुतणी.

तिथल्या विमानतळावर काकांची खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी काढून घेतली.

"एवढ्याशा पुडीनं ह्या लोकायचं काय बिघडते वं?" काका कुरकुरले.

कारखान्याच्या मालकीणबाई लिन पन्नाशीच्या. त्यांनी आधी चेनपीचा (वाळवून मुरवलेल्या संत्र्याच्या सालीचा) चहा दिला. काका कप खाली ठेवेनात. "आपण साल फेकून राहिलो, अन् हे लोकं मुरवून पिऊन राहिले!"

मग कारखाना पाहिला. अर्धी यंत्रं कापडाखाली झाकलेली. लिनबाई मोबाइलवरच्या भाषांतरातून सांगू लागल्या. अमेरिकेने कर वाढवले, तिकडच्या ऑर्डरी थांबल्या, निम्मे कामगार घरी बसले. त्यांच्या सरकारनेही उलट दाब म्हणून दुर्मिळ धातूंची काही चुंबकं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवायला मनाई केली. नेमकी तीच चुंबकं आमच्या यंत्राच्या मोटरीत होती. वर्तमानपत्रांतून वाचलेल्या कम्युनिस्ट महासत्तेवरचा दाब मला असा समोर दिसला.

"परवानगी कधी मिळेल?" मी विचारलं.

"माहीत नाही. तुमच्या हंगामाआधी मिळेल असं सांगून ऑर्डर घेतली, तर ती फसवणूक होईल."

काकांचा चेहरा उतरला. मृग बहाराच्या संत्र्यांचा हंगाम तोंडावर आला होता, आणि आदल्या हंगामात हाताने निवडता निवडता बराच माल सडला होता.

लिनबाईंनी फिटरला बोलावलं. दिवसभर खपून दोघांनी चुंबकाची मोटर काढली आणि साधी बसवली. पहिल्या फेरीत फळं पट्ट्यावरच अडकली. पुन्हा सगळं उघडलं. संध्याकाळी काकांनी स्वतः संत्र्यांची टोपली पट्ट्यावर रिकामी केली, आणि संत्री जराशा संथपणे, पण बरोबर आपापल्या खणात पडली.

"त्यायले विचार वं, आपल्यासाठी एवढं काहून करून राहिल्या?"

मी विचारलं. त्या हात पुसत म्हणाल्या, "विमान सुरू झालं आणि तुम्ही आलात. यायला भीती वाटली असेल, तरी आलात."

वाटली होती. मी मान हलवली, आणि त्यांचे तेलकट हात हातात घेतले.

हंगामाआधी यंत्र नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात उतरलं. बातम्या अजून त्याच आहेत, कर आणि सीमेच्या. त्या ऐकताना आता मला लिनबाईंचं बरं चाललं असेल ना, असं वाटतं. परवा कळमन्याच्या चहाच्या टपरीवर एकाने चिन्यांना सरसकट शिव्या घातल्या. काका शांतपणे म्हणाले, "सरसकट नको बोलू गा. तिथं आपलं एक माणूस राहते."