मोऱ्याचा गाळ आणि आडवी बाटली

दुपारी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या बंदराची, लाँच सुटली. उरणच्या जुन्या दारूभट्ट्यांची जागा बघायची आणि मग पनवेलजवळ खांदेश्वरला घरी, असा माझा बेत. निवृत्त मास्तरीण मी. इतिहासाची खोड काही जात नाही.

शेजारी रिकामी पाटी घेऊन जनाबाई बसल्या होत्या. मासळी विकून परतणाऱ्या दहा-बारा कोळणी सोबत. त्यांनी डब्यातली सोड्यांची (सुकवलेल्या कोलंबीची) खिचडी पुढे केली. अहाहा, काय झणझणीत! नाकाडोळ्यांतून पाणी.

"भट्ट्या? आता काय नाय तिथं," त्या हसल्या. "पिनारे मात्र हायत!"

मग मी सुरूच झाले. इंग्रजांनी गावोगावच्या भट्ट्या बंद केल्या, ताडामाडांवर कर बसवला, दारू काढायचं काम उरणसारख्या मोजक्या ठिकाणी आणलं. एका जागी वसुली सोपी. पुढे दारूबंदी आली, परवाने आले, आणि आता तिजोरीचं दारूशिवाय पान हलत नाही.

"आनि आमचं घर हललं त्याचं काय?" जनाबाई म्हणाल्या. मुलगा रोज दारूच्या दुकानासमोर पडलेला. सून दोन लेकरं घेऊन माहेरी गेली. "दुकान बंद होईतो गावात पाय ठेवनार नाय, अशी शपथ घेतलीय तिनं."

आज त्यांच्या गावात बायकांचं मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. पण मतदार यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारायला हवा. न आलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूची! माझं डोकंच फिरलं. सकाळची मासळी थांबत नाही, म्हणून या परतल्यावर मत देणार होत्या.

मोऱ्याचा धक्का समोर दिसत असतानाच लाँच गाळात रुतली. ओहोटी लागलेली.

"भरतीबिगर हलायची नाय," खलाशी म्हणाला. थोड्या वेळानं एक लहान होडी आली. एक गृहस्थ बॅग सावरत पुढे घुसले. "मला मीटिंग आहे हो."

"मीटिंग गेली खड्ड्यात! आधी मत द्यायला निघालेल्या बायका!" मी ओरडले. गृहस्थ परत बाकावर जाऊन बसले. पहिली खेप पोचली. दुसरी, जनाबाईंची, मतदानाची वेळ संपेपर्यंत चिखलातच अडकून बसली.

मी अंधारात उतरले तेव्हा मोजणीसुद्धा आटोपली होती. आडव्या बाटलीला भरभरून मतं, पण निम्म्याला अगदी थोडी कमी. जनाबाई धक्क्यावरच बसल्या होत्या.

"मास्तरीनबाय, एवढा कर नेला ना इथून? मग बंदरातला गाळ तरी काढायचा!"

त्यांनी सुनेला फोन लावला. "नाय झालं गं, बाय. नको येऊ. पोरांना जेवाय घाल."

भट्ट्या बघायच्या राहिल्याच. पनवेलच्या एसटीत बसले. दारूचा कर पिणारा भरतो, असं आपण सहज म्हणतो. जनाबाईंच्या सुनेनं तर थेंबाला हात लावलेला नाही, तरी भरतेय तीच. आणि मग लक्षात आलं. तिचं नाव त्याच यादीत असणार. ती शपथ पाळून माहेरी बसली, म्हणजे तिचं मतही दुकानालाच गेलं. हे तिला कोण सांगणार?