गुलाबी खड्याची कुडी

सात रस्त्यावरचा तो खिळे-रंगांचा दुकानदार "काय चिकटवायचंय, कशाला?" हे विचारल्याशिवाय कुणालाच गोंद देत नसे. मी पडले घरच्या घरी कुड्या घडवणारी कलावंत. मला कोण शिकवणार? पहिल्या जोडीचे खडे मी डिंकाने बसवले. जावेला बळेच घालायला लावली, तर घामाने डिंक सुटला आणि पंगतीत वाढताना खडा पाहुण्यांच्या आमटीत पडला. दुसऱ्या जोडीला लाख लावली, ती खिडकीतल्या उन्हातच मऊ झाली.

शेवटी मुकाट्याने कुडी त्याच्यापुढे ठेवली.

"काच पितळंला व्हय? डिंक कागदाला असतोय, अक्का." त्याने पॉलिशपेपरने पितळ खरवडलं, दोन नळ्यांमधला गोंद काडीने कालवला, खडा बसवला. "परवा या."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गेले. झुबकेदार मिशांचा तो माणूस टोचलेल्या कानात माझी कुडी अडकवून, घामाने निथळत गिऱ्हाइकाला खिळे तोलून देत होता.

"सकाळपास्नं घातलीय. खडा हलला न्हाय."

मी लाजत विचारलं, "कशी वाटली?"

त्याने जरा विचार केला. "गोंद लई चांगला हाय."

माझी कुडी आपणहून घालून चारचौघांत बसलेला माणूस आजवर तो एकटाच.