शिवणबाईंची रिकामी पुरचुंडी

...तर शिवणबाई बहिणीकडे पंधरा दिवस गेल्या आणि लॅव्हेंडरची कुंडी माझ्या गळ्यात पडली, इथवर काल आलो होतो. जाताना त्यांनी बजावलं होतं, "काका, बोट खुपसून बघा. दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. ह्याला लाड सोसत नाहीत."

बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नवरा गेल्यावर एका मशीनवर त्यांनी दोन मुली शिकवल्या. शिंपी म्हटलं की गिऱ्हाईक आधी उरलेल्या कापडाचा हिशेब लावतं. पण ह्या बाई त्याच कापडाच्या चिंधीची पुरचुंडी शिवतात, तीत लॅव्हेंडरची वाळलेली फुलं भरतात आणि कपड्याबरोबर देतात. "चिंधीसुद्धा तुमचीच," म्हणतात. कपाटात ठेवली की कसर लागत नाही, उशीखाली ठेवली की झोप बरी लागते. इस्त्रीआधी कपड्यावर शिंपडायच्या पाण्यातही चार फुलं उकळलेली असतात. दांड्या कापून, जुडी बांधून खिडकीशी सावलीत उलटी टांगायची, हे त्यांनी मलाही शिकवलं होतं.

पण माझा जन्म गेला शेताला पाणी पाजण्यात. उन्हात ते राखाडी, रुक्ष झाड बघवेना. बोट कोण खुपसतो? सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. सहाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहान भागली नाही. दुपारचाही तांब्या सुरू केला. दहाव्या दिवशी बुंधा काळा पडला. उपटून पाहिलं तर मुळं कुजून लगदा झालेली. आठ वर्षांचं झाड, बाईंच्या नवऱ्यानं लावलेलं.

मग मी जे केलं ते सांगताना आजही मान खाली जाते. रोपवाटिकेतून तेवढ्याच उंचीचं रोप आणलं, जुन्या कुंडीत लावलं, वर जुनी माती पसरली. बाई आल्या, एक पान चुरगाळून हुंगलं, म्हणाल्या, "बरं सांभाळलंत." मी हसलो. त्या दिवसापासून जिना उतरताना त्यांचं दार आलं की मी चष्मा पुसत पुढं सटकायचो. घरात बायको विचारायची, "हल्ली चष्मा फारच मळतो वाटतं?"

सहा आठवड्यांनी बाईंनी माझा शर्ट शिवून वर आणून दिला. वर निळ्या चौकड्यांची पुरचुंडी, माझ्याच कापडाची. हातात घेतली तर चपटी. आत काही नाही. बाईंचं पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि त्या टाचणीचा डबा हातात धरून उभ्या.

चिंधीचाही तुकडा न लपवणाऱ्या बाईसमोर मी अख्खं झाड लपवलं होतं. माझे कान तापले. खाली बघतच म्हणालो, "बाई, ते झाड तुमचं नाही. तुमचं मी पाणी घालून घालून मारलं. आणि वर तुम्हाला फसवलं."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"पान हुंगलं तेव्हाच कळलं, काका. वाटलं होतं, आठवड्यात सांगाल. तुम्ही सहा घेतलेत. आता शर्ट घालून दाखवा, बाही बघते. पुरचुंडी ठेवा तुमच्याकडेच, नव्या झाडाला फुलं आली की भरून देईन. आणि तांब्या तेवढा खाली आणू नका."