वॉर्डात लेकरू नव्हतं

मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांचे विषय निघाले की मी उठून जायची... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पण हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

माझी धाकटी बहीण वैशाली दर्यापूरला असते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते. पहिल्याच सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर पाण्याची गाठ दिसली. "बहुतेक गाठी आपोआप जिरतात," तिथले डॉक्टर म्हणाले. ही जिरली नाही. पाचव्या महिन्यात एका सकाळी पोटात अशी कळ उठली, की ती स्वयंपाकघरातच आडवी झाली. उलट्या थांबेनात. तिचे यजमान गजाननराव तिला गाडीत घालून थेट अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन आले. मीही पोचले.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. "गाठीला पीळ बसलाय. थांबलो तर आईच्या जिवावर बेतेल."

"अन् लेकराचं?" गजाननरावांनी विचारलं.

"ऑपरेशनचा धोका त्यालाही आहे. न करण्याचा जास्त."

ऑपरेशन नीट झालं. नंतर मॅडमनी मशीनवर बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा गजाननराव भिंतीला टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैशालीला चहा पाजत होते.

"ताई, कोनाचं लेकरू रडून राह्यलं वो?"

वॉर्डात लेकरू नव्हतं. बाळंतिणी दुसऱ्या इमारतीत. भुलीचा अंमल असेल म्हणत मी तिची चादर सारखी करायला वाकले — आणि मला ऐकू आलं. बारीक, दमलेलं... उशीत तोंड दाबून रडावं तसं. सरळ झाले की बंद. वाकले की पुन्हा. आवाज तिच्या पोटातून येत होता.

गर्भाशयात हवा नसते, आणि हवेशिवाय रडणं नाही. मी वर्गात हेच शिकवते!

सिस्टरला बोलावलं. तिने मशीन लावलं — ठोके व्यवस्थित. "आतड्याचा आवाज असन मॅडम, ऑपरेशननंतर येते." गजाननरावांनी कान लावला. "मले तं काईच ऐकू नाई येत."

वैशाली मात्र पोटावर हात फिरवत राहिली. "उगी माय, उगी... काय झालं तुले?"

दुपारी आवाज बारीक होत होत थांबला. "झोपलं वाटते," म्हणून ती हसली आणि तिचाही डोळा लागला. मलाही हायसं वाटलं.

संध्याकाळी राउंडला मॅडमनी ठोके शोधले. बराच वेळ शोधले. मशीन बदललं. मग त्यांनी वैशालीचा हात हातात घेतला, आणि आम्हाला कळलं.

गाठ साधी निघाली. कॅन्सर वगैरे काही नाही. ऑपरेशननंतर कधीकधी बाळ जातं, कोणाची चूक नसते, मॅडम म्हणाल्या. ते मला पटतं. पण ते रडणं काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

वैशालीला पुन्हा दिवस राहिले नाहीत. हल्ली ती कुणाशी फारसं बोलत नाही. अधूनमधून मला फोन करते.

"ताई, तूबी ऐकलं होतं ना?"

"हो गं, ऐकलं."

"मंग आपन दोघी जवळ असून त्याले उगं कावून नाई करता आलं?"