गंगव्वाची दोन तिकिटं

आमचे मामा कपाळभर भस्म लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून दुकान उघडायचे आणि गल्ल्यावर बसून भुतं लिहायचे. "भुतं म्हंजे महादेवाचे गण. आपली घरचीच माणसं," हे त्यांचं स्पष्टीकरण. मी तेव्हा लातूरला मराठी विषय घेऊन दोनदा नापास झालेली भाची. साहित्यातलं मला कळतं, असा फक्त माझाच समज होता.

शिरूर अनंतपाळजवळच्या त्या किराणा दुकानातून निघालेल्या कादंबऱ्या नांदेडच्या स्टँडवर हातोहात खपत. लातूरच्या वाचनालयात तर पानं गळेपर्यंत फिरत. पण खरी पंचाईत गावातच होती. लोक झपाटलेल्या सुना घेऊन दुकानावर येत. मामा मूठभर गूळ-शेंगदाणे देत आणि म्हणत, "आधी हे खाऊ घाला. मंग दवाखान्यात न्या." सून बरी झाली की नाव मामांचं व्हायचं, डॉक्टरचं नाही.

त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी गंगव्वाची. विहिरीत जीव दिलेली सासुरवाशीण. कुणी घागर सोडली की खालून दोर ओढायची. विहीर मामांनी स्वतःच्या शेतातलीच वर्णन केली होती, चिंचेच्या झाडासकट. "दुसरी कुठं बघायला जाऊ?" म्हणाले.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याचं कौतुक ओसरतंय तोवर दुष्काळ आला. गावातल्या साऱ्या विहिरी आटल्या. पाणी उरलं फक्त मामांच्या विहिरीत. मामांनी ती गावाला मोकळी केली. पण पाण्याला एकही बाई येईना. लेकरं गढूळ पाणी पिऊन जुलाबानं पडली, तरी येईना.

मामा काठावर उभे राहून ओरडले, "आगं बायांनो, मी रचलेलं हाय ते सगळं! गंगव्वा नव्हतीच कधी!" आणि सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायले.

"तुमचं काय अप्पा," रिकामी घागर घेऊन लांब उभी असलेली शेजारची पारूबाई म्हणाली, "तुमाला वळखते ती. आमाला न्हाई."

शेवटी मामांनी तीन दिवस बसून आणखी एक प्रकरण लिहिलं. गंगव्वाला पंचमीला न्यायला माहेरचं कुणी आलंच नव्हतं, म्हणून ती अडकली होती. आता देगलूरहून भाऊ मुराळी होऊन येतो आणि तिला घेऊन जातो. मठात त्यांनी ते वाचून दाखवलं. बाया पदर तोंडात धरून रडल्या. मला वाटलं, जिंकलो.

डोळे पुसत पारूबाई उठली. "लई चांगलं लिव्हलं. पर कागदावर मुराळी येऊन भागत न्हाई अप्पा. कोण येणार हाय न्यायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नवं लुगडं आणि खण घेऊन विहिरीवर गेले. "चल गं बाई," एवढंच म्हणाले. मागे वळून न बघता स्टँडवर आले. सोबत मी, हसू दाबत. एसटीत त्यांनी देगलूरचं माझं तिकीट काढलं आणि वर आणखी दोन. कंडक्टर म्हणाला, "तिसरं मानूस कुठंय?" मामांनी खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

गर्दी वाढली तशी मी तिथं टेकायला गेले. "तिथं नको," मामा हळूच म्हणाले.

"मामा, आता गावातलं कुणी बघत नाहीये."

मी देगलूरपर्यंत उभी. एका लेकुरवाळीनंही ती जागा मागितली नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतलो तर विहिरीवर घागरींची रांग. मामा सरळ पारूबाईकडे गेले. "दोर वडला का गं कुणी?"

"न्हाई अप्पा. अलगद वर आली घागर."

"बरं झालं," मामा म्हणाले आणि चिंचेखाली मटकन बसले. पुण्याच्या प्रकाशकाची पत्रं पुढे वर्षभर येत राहिली. मामांनी पुन्हा एक ओळ लिहिली नाही. गाव वाचलं म्हणून मी त्यांचं अभिनंदन करायला गेले होते. समोर बसल्यावर, घरचं माणूस गेल्यासारखं, सांत्वनच करून आले.