भावजी आणि दुसरी बाजू

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका प्रामाणिक वकील मालवणच्या कोर्टानं पाहिला नसेल, आणि त्यांच्याइतका कुचकामीही पाहिला नसेल. कायदा तोंडपाठ, आवाज खणखणीत, काळा कोट ताई दर रविवारी स्वतः इस्त्री करून देई. खोड एकच. कुठलीही बाजू मांडायला भावजी उभे राहिले की दहाव्या मिनिटाला त्यांना दुसरी बाजू दिसू लागे, आणि एकदा दिसली की ती न सांगता खाली बसणं त्यांना लबाडीचं वाटे. शेजाऱ्याचा माड आपल्या अंगणात वाकतो म्हणून एक पक्षकार तावातावानं आमच्या पडवीत आला होता. भावजींनी त्याला माडाच्या मालकाची अडचण इतकी मन लावून समजावली, की तो उठला तो थेट शेजाऱ्याकडे गेला आणि तिथे चहा पिऊन घरी परतला. दुसऱ्या एका दाव्यात त्यांनी भर कोर्टात आपल्याच साक्षीदाराला विचारलं, "तू इतक्या लांब होतंस, मग तुका दिसला कसा?" साक्षीदार गडबडला, दावा गेला, आणि भावजी समाधानानं घरी येऊन जेवले. घरातही तेच. एकदा मांजरानं बांगडा पळवला म्हणून माझी बायको लाटणं घेऊन धावली, तर हे मध्ये उभे. "मांजराचा काय चुकला? बांगडो उघडो होतो."

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे, पण ताईला त्यात राहायचं होतं. भावजींचं घर खाडीपलीकडे तोंडवलीला, आणि कोर्ट मालवणात. म्हणून लग्नानंतर दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली ती दोघं अकरा वर्षं आमच्याकडेच राहिली. माझी बायको वाईट नव्हती. तरीही ताई चहाचं आधण ठेवण्याआधी तिला विचारायची. जिथे ती लहानाची मोठी झाली त्याच स्वयंपाकघरात ती विचारून वावरायची, आणि ते मला दिसत असूनही मी कधी काही बोललो नाही. तिच्या खाटेखाली गोणपाटात गुंडाळलेला एक नवा आडाळो होता, आमच्याकडची नारळ खोवायची विळी. फणसाच्या लाकडाचा, सुताराला पुढ्यात बसवून करून घेतलेला. तो स्वतःच्या बिऱ्हाडातच काढायचा असं तिनं ठरवलं होतं.

अशात भावजींना मुन्सफाच्या, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाच्या, जागेसाठी मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा मिळाली असती तर सरकारी बिऱ्हाड मिळालं असतं. वयाच्या अटीत बसण्याचं ते शेवटचं वर्ष होतं. ताईनं ते पत्र देवापुढे ठेवलं आणि भावजींना ग्रामदेवतेच्या देवळात कौल घ्यायला पाठवलं. सोबत मी. गुरवानं पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि लगेच उजवीकडची पाकळी पडली. म्हणजे देवाचा होकार. मी हात जोडले. भावजी मात्र दाराकडे बघत होते.

"दार उघडा आसा," ते म्हणाले. "पाकळी देवान पाडली की वाऱ्यान, ह्येचो पुरावो काय?"

"वकीलानू," गुरव थंडपणे म्हणाला, "देवाक साक्षीक उभो करतास काय?"

भावजींनी दार लावून घेतलं आणि फेरकौल मागितला. पाकळी डावीकडची पडली. ते हात जोडून म्हणाले, "आता कसा, नीट चौकशी होवन निकाल लागलो." घरी मी ताईला पहिलाच कौल सांगितला.

त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला बरं करायचं. मी हायस्कुलात मास्तर. मुलांच्या खोडी मोडण्यात माझा हातखंडा. रोज शाळा सुटली की मी वडिलांची काळी टोपी घालून पडवीतल्या आरामखुर्चीत बसे, आणि भावजी कोट चढवून समोर उभे राहत. आपली बाजू ते इंग्रजीत मांडत; दुसरी बाजू सुचली की मालवणीत घसरत. "पण तेचाय म्हणणा खोटा नाय," असं सुरू झालं की मी कपाळाला हात लावी. शेवटी उपाय ताईनं काढला. ती दारात अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसू लागली. भावजींच्या तोंडून 'पण' निघाला की ती अडकित्ता कट्कन दाबी, आणि ते बिचारे तिथेच थांबत. "तुमी आपली बाजू सांगा," ती म्हणे. "दुसऱ्याची सांगूक दुसरो वकील आसता." महिन्याभरात भावजी सरळ झाले. वीस वीस मिनिटं एकाच बाजूनं बोलत. चेहरा पडायचा, पण बोलत. मला माझ्या शिकवण्याचा फार अभिमान वाटला होता.

आगबोटीनं ते मुंबईला गेले आणि आगबोटीनंच परत आले. पडवीत कोट काढून त्यांनी नीट घडी घातली आणि झालं ते सांगितलं. वाटेच्या हक्काचा एक तंटा देऊन साहेबांनी त्यांचं मत विचारलं होतं. भावजी वादीच्या बाजूनं अस्खलित बोलले. साहेब वाट बघत राहिले. मग म्हणाले, "आणि प्रतिवादीचं काय?"

"माका सगळा दिसत होता रे मास्तर," भावजी म्हणाले. "प्रतिवादीच खरो होतो. 'पण' तोंडार इलो, आणि माका आडकित्तो ऐकू इलो. गप रवलंय."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सौम्यपणे सांगितलं, तुम्ही वकील चांगले आहात, पण न्यायाधीशाला दोन्ही बाजू दिसाव्या लागतात.

अख्ख्या तालुक्यात ज्या एका माणसाला दोन्ही बाजू दिसत, त्याची ती नजर मी महिनाभर खपून बंद केली होती. चूक माझी आहे, असं मी म्हणालो. तर भावजी खुर्ची पुढे ओढून माझी बाजू मांडू लागले. मास्तरानं भल्यासाठीच केलं. मग ताईची मांडली, मग साहेबांची. साहेबांना तेवढ्या वेळात माणूस कळणार कसा? सगळ्यांची मांडून झाल्यावर ते उठून विहिरीवर पाय धुवायला गेले. ताई दारातच उभी होती. ती आत गेली, खाटेखालचा आडाळो काढला, गोणपाट सोडलं, आणि माझ्या बायकोला न विचारता रात्रीच्या आमटीसाठी नारळ खोवायला बसली.

भावजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते शेवटपर्यंत आमच्याच पडवीत वकिली करत राहिले आणि पक्षकारांना समेट करून घरी पाठवत राहिले. आडाळो अजून आहे. पातं दोनदा बदललं. ताई थकली आहे, तरी दुपारी दारात सुपारी कातरत बसते. बोलता बोलता घरात कुणी 'पण' म्हणालं, की तिचा हात थांबतो. अडकित्ता उघडाच धरून ती त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत वाट बघते.